मधातली गोळी

इंदूर, ६ ऑगस्ट २०२४

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं तू मनाने भरतेस, म्हणून सगळं कागदावर लिहिते. शाळेतल्या मुलींना वाचायला लावायचीस तसं तीनदा वाच.

प्रकाशची बँकेतली रजा संपली, तो उद्या बुऱ्हाणपूरला तुझ्याकडे परत येतोय. जूनमध्ये हॉस्पिटलात त्याला ते एकदाच द्यायचं औषध सलाइनमधून दिलं. रक्त गोठवणारा फॅक्टर बनवायची सूचनाच त्याच्या शरीरात जन्मापासून चुकीची आहे. डॉक्टरांनी बरोबर सूचना एका निरुपद्रवी विषाणूच्या कवचात घालून त्याच्या यकृतापर्यंत पोचवली. शंभरात एकसुद्धा नसलेला फॅक्टर आता अडतीस आहे. ताई, परवा दाढी करताना त्याला कापलं आणि मी पहिल्यांदाच ओरडले नाही.

पण त्याचं शरीर आता ते कवच ओळखतं, त्यामुळे हे औषध पुन्हा देता येणार नाही. मिळालेलं टिकवायचं. शरीर त्या सुधारलेल्या पेशींवर उलटू नये म्हणून रोज सकाळी स्टिरॉइडच्या चार गोळ्या, आणि डॉक्टर सांगतील तेव्हाच कमी करायच्या. चेहरा सुजेल, भूक वाढेल. मावा जिलबी त्याला दाखवूसुद्धा नकोस, साखर वाढते.

आपला भाऊ मधू दात काढल्याचं निमित्त होऊन नवव्या वर्षी गेला. तोच दोष माझ्यातून माझ्या पोटच्या प्रकाशकडे गेला, हे चोवीस वर्षं मनातून जात नव्हतं. आता कुठे जरा हलकं वाटतंय.

आम्हां दोघांवर तुझी सावली अशीच राहू दे.

तुझी,
विमल

बुधवारा, बुऱ्हाणपूर, १९ ऑगस्ट

चि. सौ. विमल हिस,
अ. उ. आ.

तुझं पत्र तीनदा वाचलं. शुद्धलेखनाच्या दोन चुका निघाल्या, या खेपेला माफ.

प्रकाश मजेत आहे. गोळ्या माझ्या ताब्यात आहेत. लहानपणी द्यायचे तसंच सहाणेवर उगाळून मधातून चाटण देते. चोवीस वर्षांचा घोडा, पण अजून डोळे मिटून जीभ पुढे करतो! तोंड मात्र भोपळ्यासारखं झालंय. नेपानगरच्या त्या सांगून आलेल्या मुलीकडे फोटो पाठवायचा आहे, म्हणून आरशापुढे उभा राहिला की खट्टू होतो.

विमल, आई शेवटी अशीच सुजली होती, आठवतं? अशाच गोळ्यांनी. दोन महिन्यांत गेली. शेजारची सोजरबाई म्हणत होती की डोईफोडिया गावचा भिकन वैदू सूज उतरवायची पूड देतो. मी नुसतं ऐकून घेतलं. तू तिकडे जिवाला घोर लावून घेऊ नकोस, मी आहे ना.

जावईबापूंना आशीर्वाद. पत्र टाकत जा, वाट पाहते.

शारदाताई

इंदूर, १७ सप्टेंबर

ती. ताईस,
शि. सा. न.

काल प्रकाशच्या रक्ताचा रिपोर्ट आला. फॅक्टर नऊवर उतरलाय आणि यकृताचे आकडे चढलेत. गोळ्या चुकल्या का, असं डॉक्टरांनी त्याला फोनवर तीनदा विचारलं. एकही नाही, असं त्याने सांगितलं. मग ते म्हणाले की काहींच्या शरीरात हे टिकत नाही, का ते अजून पुरतं कळलेलं नाही. त्यांनी तशी नोंद केली. त्याच्यामागे आणखी पेशंट आहेत, त्यांचं औषध ठरवताना ही नोंद बघतील. आम्ही उद्या त्याला हॉस्पिटलात नेतोय.

ताई, दोष माझाच. आधी रक्त असं दिलं, आणि आता शरीरही असं की ते बरं व्हायला तयार नाही. तू मात्र मनाला लावून घेऊ नकोस. तू त्याचं केलंस तसं कुणी केलं नसतं.

मला धीर राहील असं काहीतरी लिही.

विमल

बुऱ्हाणपूर, २१ सप्टेंबर

चि. विमल,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही.

मी केलं तसं कुणी केलं नसतं, हे तू खरंच लिहिलंस. वीस ऑगस्टपासून त्या चाटणात गोळी नव्हती. मध आणि भिकनची पूड होती. प्रकाशचा चेहरा बघितला की मला आईचा दिसायचा. आठ दिवसांत सूज उतरली तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली. गोळ्या फेकायला धीर झाला नाही, त्या हळदीच्या जुन्या डब्यात आहेत. काल मोजल्या, एकशे बारा भरल्या.

प्रश्न नीट वाचल्याशिवाय उत्तर लिहू नका, असं तीस वर्षं मुलींना शिकवलं. तुझं पत्र मी तीनदा वाचलं होतं गं, आणि तरी हे केलं. मला फार लाज वाटते.

हे पत्र डॉक्टरांना दाखव. औषध फसलं असं त्यांनी लिहू नये, दुसऱ्यांच्या मुलांचा प्रश्न आहे. तुझ्या रक्ताचा, तुझ्या शरीराचा यात काडीचा दोष नाही. एवढं तरी माझ्याकडून घे.

माया ठेव, असं मागायचं तोंड मला राहिलं नाही.

शारदा

हॉस्पिटलातून, ३० सप्टेंबर

ती. मावशीस,
सा. न.

तुझं पत्र वाचून आईने ते दोन दिवस उशाखाली ठेवलं, मग मला दिलं. तिसऱ्या दिवशी मी तिच्यासमोर डॉक्टरांना सगळं सांगितलं. आता तुलाही सांगतो.

मावशी, ती गोळी जहर कडू असते. कितीबी मध घाल, लपत नाही. वीस तारखेला चाटण कडू लागलंच नाही, त्याच सकाळी मला समजलं. तरी मी गप्प राहिलो. नेपानगरला फोटो पाठवायचा होता ना. तुझी गलती भीतीने झाली, माझी फोटोपायी. आणि डॉक्टरांशी झूठ तर मीच बोललो.

ते रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. आधी सांगितलं असतंस तर, एवढंच म्हणाले आणि जुनी नोंद खोडून नवी लिहिली. गोळ्या परत सुरू आहेत. फॅक्टर सहावर थांबलाय. अडतीस आता येणार नाही, सहा टिकला तरी नशीब. सहामध्ये दाढी बिनधास्त करता येते, दात काढायला मात्र पहिल्यासारखी इंजेक्शनं लागतील.

आई अजून तुझ्यावर रागावलेली आहे, तसं लिही म्हणाली. पण स्वतःच्या रक्ताला दोष देणं तिने सोडलंय.

शनिवारी येतोय. तोंडाचा पुन्हा भोपळा झालाय, फोटो तसाच पाठवून दिला. गोळ्या आता मी स्वतः पाण्याबरोबर घेतो. तू सहाण उचलून ठेवली असशील तर काढ. बोटभर चाटण दे, नुसत्या मधाचं. मी जीभ पुढे करीन, फक्त या वेळी डोळे मिटणार नाही.

तुझा,
प्रकाश