थंडीत माशांना काय चालतं

११ जाने., रविवार
तळ्याच्या कडेला पातळ बर्फ. जपानातल्या या त्सुकुबा डोंगरावरून येणारा वारा, दात वाजतात. निशांत सकाळीच गळ घेऊन गेला, मी मागून सायकलवर. लग्नाला नऊ वर्षं झाली, हा माणूस इतका गप्प कधी नव्हता. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ऑफिसातून सुट्टी मिळालीय. घराबाहेर पडतो तो फक्त इथं यायला.
कणकेचा लिंबाएवढा गोळा लावलेला. सांगलीत कृष्णेवर लावायचा तसा. तरंगती काडी ढिम्म.

१४ जाने.
ट्रेनमध्ये वाचलं. थंड पाण्यात मासा सुस्त, भूक नसते. गळ बारीक, आमिष त्याहून बारीक. पाण्यात चारा फेकत बसायचं नाही, त्यानंच पोट भरतं. नि.ला सांगितलं. "हं." अर्धी पोळी खाल्ली.

१७, शनि.
डब्यातल्या मक्याचा एकच दाणा लावून पाहिला. काही नाही. येताना दुकानातून अळ्या आणल्या. फ्रिजमध्ये दह्याशेजारी अळ्या! मी, जिला झुरळ...
सासूबाईंचा फोन. "अगं, त्याला इकडे घेऊन ये. तिथं कोण आहे तुमचं?" मी हो हो म्हटलं. तो फोनवर आलाच नाही.

१८, रवि.
गळाला एक अळी. काडी थरथरली. "ओढ ना!" म्हटलं. ओढली नाही. मला रागच आला, मग रागाचीच लाज वाटली.

२४, शनि.
कामावरून लवकर सुटले, थेट तळ्यावर. अळ्यांची डबी बंद. दोरी वर घेतली तर नुसता गळ.
"आमिष?"
"कशाला? उगाच कुणीतरी यायचं."
मासा नकोच, तर हा या पाण्याकाठी येतो कशाला? घरी आल्यावर सरळ विचारलं, जीव द्यायचे विचार येतात का? त्यानं पाण्याचा ग्लास खाली ठेवला. "येतात. तुला घाबरवायचं नव्हतं."
डॉक्टरांना फोन केला. जपानी धड सुचेना, तरी त्यांना कळलं. एकटं सोडू नका, सोमवारी सकाळी घेऊन या. रात्री काही वाटलं तर लगेच फोन करा. गाडीची किल्ली माझ्या खिशात.

२५, रवि.
सकाळपासून खिडकीशी. म्हटलं, चल, दोघं जाऊ. उठला. का, कुणास ठाऊक.
आज गळ मी धरला. अळीला हात लावायची हिंमत नाही, म्हणून ब्रेडचा मऊ भाग चिमटीत दाबून लावला, मटारापेक्षाही लहान. तो बाकावर, मी एक डोळा त्याच्यावर ठेवून. काडी हळूच खाली गेली. ओढली. तळहाताएवढी चंदेरी फुना, इथली कार्पसारखी मासळी! तडफडायला लागली, मला गळ काढता येईना. "अरे ये ना! मरेल ती!" मी अक्षरशः ओरडले.
तो आला. हातमोजे काढले. आधी हात त्या बर्फगार पाण्यात बुडवले. "कोरड्या हातानं धरलं की त्यांना इजा होते," म्हणाला. किती दिवसांनी एवढं लांब वाक्य. गळ काढला, मासा सोडला. मग तिथंच उकिडवा बसून रडला, लहान मुलासारखा. मी पाठीवर हात ठेवला.
उद्या सकाळी डॉक्टर. येतो म्हणाला नाही. येणार नाही, असंही म्हणाला नाही.