ठिगळ

सोमवार, ३ तारीख

आलो एकदाचा! नवं गाव, नवी नोकरी आणि दोन खोल्यांचं घर. आईने पाऊल टाकताक्षणी घराला नावं ठेवली. ओटा उंच, नळाला धार नाही, न्हाणीघराचं दार कुरकुरतं. स्वयंपाकघरातल्या खिडकीवर मात्र ती खूश आहे. तिथून समोरच्या शाळेचं पटांगण दिसतं. आता टीव्ही नसला तरी चालेल, म्हणाली.

ऑफिस तिसऱ्या मजल्यावर आहे. बंद पडलेल्या एका सूतगिरणीवर माहितीपट चालू आहे आणि मी त्याच्या संकलकांपैकी एक. मागच्या ठिकाणी मालक खुर्चीमागे उभा राहून ‘इथे काप, तिथे काप’ करायचा. त्याच्याशी भांडून बाहेर पडलो. काम कुणा एकाच्या बापाचं नसतं, हे मी किती सभांमधून घसा फोडून सांगितलं असेल! लोक टाळ्या वाजवायचे आणि घरी जायचे. इथे ते प्रत्यक्ष चाललेलं पाहिलं आणि ऊर भरून आला.

चित्रं आणि आवाज ओळीने मांडलेली एकच टाइमलाइन, सगळ्यांच्या पडद्यावर एकाच वेळी उघडी. एकाने कापलं की सगळ्यांकडे कापलं जातं. प्रत्येकाला एक रंग, त्यावरून कोण कुठे काम करतंय ते दिसतं. ताई लाल, वयाने माझ्याहून लहान आहेत, पण अनुभवाने ज्येष्ठ, म्हणून सगळे ताईच म्हणतात. आवाज सांभाळणारा कानसेन निळा. छटा जुळवणारा रंगारी जांभळा. मी हिरवा. कुठलाही बदल पक्का व्हायला करणाऱ्याखेरीज तिघांची खूण पडावी लागते. मालक नाही, मुकादम नाही!

आईला हे सगळं भारावून सांगितलं. ती म्हणाली, बारभाईची शेती, काय लागेल हाती. मग म्हणाली, भाषण पुरे, जेवायला बस.

मंगळवार, ४ तारीख

टाइमलाइनमध्ये रिकामी जागा सोडायची नाही, असा इथला दंडक आहे. हवं ते दृश्य मिळेपर्यंत तिथे काहीतरी डकवून ठेवायचं. त्याला इथे ‘ठिगळ’ म्हणतात. आज गिरणीकामगाराच्या स्वयंपाकघराचं दृश्य हवं होतं आणि ते चित्रित झालेलंच नव्हतं. मी फोनमधलं आमचंच एक लावलं. काल संध्याकाळी आई चहा करत होती तेव्हा घेतलेलं. डावीकडे खिडकी, मध्ये आई, आणि ती माझ्यावर ओरडतेय, ‘काय त्या फोनमध्ये डोकं खुपसून बसलायस, आधी साखरेचा डबा दे!’ शेवटी माझा उजवा हात डबा घेऊन चौकटीत येतो.

सगळे पोट धरून हसले. ताई म्हणाल्या, आईंना कायमचंच ठेवू या चित्रपटात. घरी सांगितलं तर आईचं म्हणणं, आधी कळवलं असतंस तर बरं पातळ नेसले असते.

आज एक पिवळा रंगही दिसला. कोण, म्हणून विचारलं. ताई म्हणाल्या, आधीपासूनचं कुणीतरी आहे, बाहेरून काम करतं. नाव कुणालाच ठाऊक नाही. पण हात इतका स्वच्छ की त्याने कापलेलं पुन्हा जोडावंसं वाटत नाही. मी पाहिलं, आणि खरंच! नाव नाही, श्रेय नको, फक्त काम. असा माणूस शोधण्यात माझी हयात गेली.

इथे ‘भरवसा’ नावाचं एक बटण आहे. ते दाबलं की त्या माणसाच्या प्रत्येक बदलावर आपली खूण आपोआप पडते. ताई आणि रंगारी यांनी पिवळ्यावर भरवसा टाकलेला आहे. कानसेनाने नाही, मी स्वतःच्या कानांवरसुद्धा दोनदा ऐकल्याशिवाय भरवसा ठेवत नाही, म्हणाला. मी त्याची थट्टा केली. विश्वास ही सहकाराची पहिली पायरी असते वगैरे ऐकवलं आणि बटण दाबलं.

गुरुवार, ६ तारीख

पिवळ्याने माझ्या ठिगळाची चौकट आवळली. डावीकडची खिडकी काढून टाकली, कारण तिच्या उजेडाने नजर आईवरून हलत होती. अचूक निर्णय. मला सुचायला हवा होता.

घरी आलो तर स्वयंपाकघरात अंधार. खिडकीच्या जागी भिंत. बोटांनी ठोकून पाहिली, भरीव आहे. जुन्या रंगाचे पोपडे आहेत तिच्यावर. आईला विचारलं, खिडकी कुठे गेली? ती म्हणाली, कसली खिडकी, पहिल्या दिवसापासून अंधारात राबतेय, आणि तुला आज दिसलं होय?

शाळेच्या पटांगणाची आठवण दिली. तिने माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला.

शुक्रवार, ७ तारीख

दुपारी टाइमलाइन पाहताना कळलं की ठिगळाचा आवाज पूर्ण बंद केलाय. पिवळ्याने. आईचं बोलणं पार्श्वसंगीताच्या आड येत होतं म्हणे. खुणा तीन: लाल, जांभळी, हिरवी. कानसेनाची नव्हती. तो म्हणाला, मला विचारलं असतं तर नको म्हणालो असतो, छान होता रे म्हातारीचा आवाज.

होता, म्हणाला.

मी पायऱ्या उतरत धावलो. दार आईनेच उघडलं. ती बोलत होती. ओठ हलत होते, हातवारे चालू होते, भुवया नेहमीसारख्या चढलेल्या, आणि आवाज नाही. कुजबुज नाही, श्वास नाही. मी उत्तर देत नाही म्हणून ती चिडली. आणखी जोरात बोलू लागली असावी, गळ्याच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या.

डॉक्टरांनी घसा पाहिला, सगळं ठीक आहे म्हणाले. घरमालकीणबाई जिन्यात भेटल्या. त्यांना माझी घालमेलच कळेना. त्यांनी विचारलं, तुमच्या आई पहिल्यापासूनच अशा ना?

शनिवार, ८ तारीख

सकाळपासून सगळं करून पाहिलं. मागे घेण्याची सोय आहे, पण ती फक्त आपापल्या बदलांपुरती. ठिगळावर आता पिवळं कुलूप आहे. ज्याने लावलं तोच काढणार. फोनमधलं मूळ चित्रण उघडलं, तर त्यातही खिडकी नाही आणि आवाज नाही.

भरवसा काढून घ्यायला गेलो. ज्याच्यावर टाकला त्याचीच संमती लागते.

मग मी उभा राहून बोललो. आयुष्यात इतकं कळकळीने कधी बोललो नसेन. म्हणालो, आपण सगळ्यांनी मिळून एका बाईचा गळा दाबलाय आणि आपल्यातल्या एकाचेही हात गळ्यापर्यंत गेलेले नाहीत, हीच यातली भयंकर गोष्ट आहे. रंगाऱ्याने मान खाली घातली. कानसेनाने पाणी आणून दिलं. ताईंचे डोळे भरून आले होते, पण त्या म्हणाल्या, भरवसा मलाही काढता येत नाही, पूर्वी एकदा खूप प्रयत्न केला होता. कशासाठी, ते त्यांना आठवेना. घरी आपलं कुणीतरी असायचं, असं मात्र अधूनमधून वाटतं, म्हणाल्या.

नोकरी सोडतो म्हणालो. त्या म्हणाल्या, माणूस गेला तरी भरवसा राहतो.

रविवार, ९ तारीख

ऑफिस बंद. फोनवर टाइमलाइन दिसते. पिवळा काम करतोय.

ठिगळ सुरुवातीकडून आखूड होतंय. चिमूट-चिमूट. प्रत्येक चिमटीला तीन खुणा, लगोलग, आणि त्यात माझी. मी फोन पालथा घालून ठेवला तरी.

आई ओट्याशी उभी आहे. चहापत्ती टाकते, वळते — आणि पुन्हा चहापत्ती टाकते. मघाशी भांडं चढवण्यापासून सुरू करत होती. आता पाणी ओतणंही गेलं. मी हात धरून बाहेर ओढलं तर आली, खुर्चीत बसली, माझ्याकडे पाहून हसली. वळून पाहतो तो ओट्याशी.

मला ओळखते अजून. प्रत्येक वेळी नव्याने वळते आणि ओरडायला तोंड उघडते. ओरड ना गं. ओरड.

संध्याकाळी फक्त वळणंच उरलं. मग अर्धं वळणं. मग खांदा —

सोमवार, १० तारीख

घरात एकाचीच भांडी. एकच अंथरूण. न्हाणीघराचं दार कुरकुरत नाही.

घरमालकीणबाई म्हणाल्या, तुम्ही एकटेच तर आलात, सडेफटिंग आहात म्हणून तर भाडं कमी सांगितलं. हसल्या.

कानसेनाला विचारलं, म्हातारीचा आवाज? तो म्हणाला, कुठली म्हातारी? दोनदा विचारलं. दोनदा विचार करून तेच म्हणाला.

टाइमलाइनवर ठिगळाचं शेपूट तेवढं शिल्लक आहे. रिकामा ओटा आणि डबा घेऊन येणारा माझा उजवा हात. रंगारी म्हणाला, हात सुंदर दिसतो.

मंगळवार

तिचा चेहरा — नथ होती का? चष्मा? ओटा तिला उंच पडायचा, एवढं वर लिहिलेलं आहे म्हणून माहीत. लिहिलेलं वाचतो आणि ते दुसऱ्या कुणाच्या आईचं वाटतं.

पिवळा शेपटावर आलाय.

वाक्य मात्र आहे माझ्याजवळ. तिचं. वर वाचून नाही, कानात आहे, तिच्याच आवाजात. ते पुन्हा उतरवून ठेवतो. याच हाताने —

लाल खूण पडली.

बोटांना लेखणी लागत नाहीये नीट. जांभळी —

लिहितो. ऐक, आई, लिहितो. तू म्हणालीस, काय त्या फोनमध्ये डोकं खुपसून बसलायस, आधी