शीलाकडून मिळालेला पेपर

३ फेब्रुवारी
आतड्यातली गाठ काढायची आहे. पण आधी म्हणे मला ऑपरेशन झेपेल का, हे तपासणार. वय अठ्ठ्याहत्तर. अंबरनाथच्या फॅक्टरीत पस्तीस वर्षं स्टेनो, एक लेटमार्क नाही. खुशाल तपासा.
नापास झाले तर आधी सहा आठवडे व्यायाम, अंडी, दूध. तोवर नरेंद्र मला पुण्याला नेणार. मुलगा आहे, ओळखते त्याला. एकदा गेले की माझा कात्रपचा फ्लॅट विकलाच समजा. सबब, पास होणार.

४ फेब्रुवारी
बेलवलीच्या माझ्या मैत्रिणीची, शीलाची, हीच टेस्ट झाली होती. फोनवर सगळा पेपर काढून घेतला. हात न टेकता खुर्चीतून पाच वेळा उठणे. चार मीटर चालणे. मूठ आवळणे. बाकी तोंडी.
शाळेत, कॉन्व्हेंटमध्ये, पेपर फोडल्याबद्दल सिस्टरनी पट्टीने बोटं सोलली असती. पण ही काय परीक्षा आहे?

७ फेब्रुवारी, सकाळी ११
सराव उत्तम. पाचही वेळा उठले. खुर्चीवर दोन उशा होत्या. कामवाल्या रखमाने कोपर धरलं होतं, पण तो तिचा आगाऊपणा.

१० फेब्रुवारी, सोमवार
उल्हासनगरला टेस्ट. डॉक्टर म्हणजे पोरगीच, पायल नाव.
आंघोळ स्वतः करता? हो. (रखमा फक्त पाणी घालते, साबण लावते आणि उठवते.) जिने? रोज. वजन उतरलंय? डाएट. रखमा तोंड उघडणार, तेवढ्यात तिला पाणी आणायला पिटाळलं.
तिसऱ्यांदा उठताना पाय लटपटले. सोमवारचा कडक उपास आहे, सांगितलं. पोरीची आईही करते म्हणे. लगेच बसवलं, कौतुक केलं, पुढचं सोडून दिलं.
पास. सतरा तारखेला ऑपरेशन.

४ मार्च
गाठ निघाली. टाके छान. पलंगावर उठून बसता येत नाही, हॉस्पिटलच्या गाद्याच भिकार.
रोज जिने चढणारी बाई अशी अंथरुणाला कशी खिळली, डॉक्टरला कळेना. रखमाने सगळं ओकून टाकलं. उपासाच्या दिवशीचा उपमा, फ्लॅटची भीतीसुद्धा. तिला काढून टाकलं आहे. सूप भरवून झालं की सांगेन.
डॉक्टर रागावली नाही. जवळ बसली. म्हणाली, "माई, मला सहा आठवडे हवे होते. तुमचा फ्लॅट नको होता."

९ मार्च
नरेंद्र आला. पुण्यात खालची खोली तयार आहे. कात्रपची चावी मागितली.
देणारच नव्हते. उशीखाली होती, वर मी होते.
त्याने माझं डोकं अलगद उचललं आणि काढून घेतली.