लाल दिव्यापाशी सत्तर सेकंद

लार्कहिल, सस्कॅचवान
जूनचा दुसरा रविवार

प्रिय नेस्टर,

पाकिटावरचं अक्षर पाहून तुला आधी वाटेल, कुणा पोराने खोडी काढली. मीच आहे, टेकला. अक्षर बोराएवढं आहे आणि ओळी उताराला लागल्या आहेत, त्याचं कारण पुढे येईल. आठ मैलांवरच्या सख्ख्या भावाला तिकीट लावून पत्र धाडणारी या गावातली मी पहिलीच असेन. टपालातली बाई उद्या पत्ता दोनदा वाचेल, पत्र तुझ्या पेटीत टाकेल आणि काही बोलणार नाही, म्हणजे दुपारपर्यंत गावभर झालंच म्हणून समज. मला तुला एकच गोष्ट विचारायची आहे, नेस्टर. ती फेब्रुवारीतल्या एका मंगळवारची आहे. पण नऊ वर्षं तोंड न उघडलेल्या बाईला एकदम मुद्द्यावर यायचा धीर होत नाही, तेव्हा आधी गावच्या गोष्टी. तुला त्या कॉफीच्या कट्ट्यावर कळतच असतील, पण कट्ट्यावर बातमी पोहोचते तोवर ती चर्चच्या तळघरात शिळी झालेली असते.

आता गाव म्हणायचं नाही म्हणे, शहर म्हणायचं. पाच हजारांवर माणसं भरली आणि हमरस्त्यावरची पाटी बदलली. नावातली टेकडी अजून कुणाला सापडलेली नाही, पण शहर झालो. आणि शहर म्हटलं की सिग्नल हवाच, म्हणून ऑक्टोबरात जुन्या गव्हाच्या कोठाराजवळच्या चौकात तो लागला. उद्घाटनाला तू आला नव्हतास, मी पाहिलं. महापौरबाईंनी फीत कापली, शाळेच्या बँडने वाजवलं, आणि मग जो तो आपापली गाडी घेऊन चौकाला फेऱ्या मारू लागला, आपल्याला लाल लागावा म्हणून. हॅरी झालेस्कीने पाच फेऱ्या मारल्या आणि पाचही वेळा त्याला हिरवा मिळाला. घरी जाऊन बायकोला म्हणाला की तो दिवा बिघडलेला आहे. ती अजून सांगत सुटली आहे.

चर्चच्या तळघरातले आम्हा बायकांचे मंगळवार तसेच चालू आहेत. शरदातल्या गावजेवणासाठी बटाटा भरून चार हजार पिरोही करून गोठवायच्या, त्याची सुरुवात आम्ही हिवाळ्यातच करतो. पण बोटं थकली रे सगळ्यांची. यंदा मी मॅरिविकला आणलं. फिलिपिन्सची आहे, इस्पितळाच्या स्वयंपाकघरात काम करते, नवरा रोडेल नांगर आणि पेरणीयंत्रांच्या कारखान्यात. मला तिता म्हणते, त्यांच्यात मावशीला तसं म्हणतात. पहिल्या दिवशी आमच्या जुन्या खोडांनी नाकं मुरडली, ही काय आपली मुरड घालणार. मॅरिविकने एक पिरोही हातात घेतली, उलटसुलट पाहिली आणि तासाभरात अशी मुरड घातली की उकळत्या पाण्यात एक फुटली नाही. म्हणाली, आमच्याकडे आई अशाच करायची, आत बटाट्याऐवजी मांस असायचं एवढंच. मग हिने चौकश्या सुरू केल्या. हे सारण कोणाचं, ती बाई हिच्याशी का बोलत नाही, तो म्हातारा रोज त्याच खुर्चीवर का बसतो. मला फार आवडली. इतकी चौकस बाई या गावात माझ्यानंतर झाली नव्हती.

ती राहते आपल्या उत्तरेच्या शेतात. म्हणजे आता त्याला मेडोलार्क स्ट्रीट म्हणतात, पण माझ्या तोंडी अजून शेतच येतं. बर्फ वितळलं तेव्हा तिच्या तळघरात पाणी भरलं. घरं बांधणाऱ्यांनी तीन माणसं पाठवली, तिघांनी तीन कारणं सांगितली. मी दारात उभी राहूनच म्हटलं, इथे बदकांचं तळं होतं, आमचे तातो, म्हणजे वडील, इथे कधी पेरत नसत. पाणी आपली जागा विसरत नाही. मग मॅरिविकने सगळं विचारून घेतलं, शेत कुणाचं, कुणी विकलं, कसणारा कोण होता. शेवटच्या प्रश्नाला मी चहा मागितला.

कारण तुला माहीत आहे. उत्तरेचे एकशे साठ एकर माझ्या नावावर होते. विकायचा हक्क माझा होता आणि तुला आधी सांगण्याचं कर्तव्यही माझंच होतं. पहिलं केलं, दुसरं राहिलं. वीस वर्षं ती जमीन तू कसलीस आणि ती विकल्याचं तुला कट्ट्यावर कुणा परक्याकडून कळलं. तू माझ्या स्वयंपाकघरात आलास, टोपी नेहमीसारखी डोक्यावरच, आणि म्हणालास, "आता तातोंच्या थडग्यावर गॅरेज बांध, तेवढंच राहिलंय." त्यावर मी जे बोलले ते अजून इथे लिहीत नाही. त्यानंतर तू गेलास तो गेलासच.

पण पुढच्याच आठवड्यात कोठाराच्या रस्त्यावर तुझा हिरवा पिकअप समोरून आला. मी म्हटलं, आता हा मान फिरवणार. तू मान फिरवली नाहीस. स्टिअरिंगवरून एक बोट उचललंस, जेमतेम इंचभर, आणि गेलास. मीही उचललं. तातो म्हणायचे ना, समोरच्याला बोट उचललं नाही तर त्याला वाटतं एक तर आपण मेलोय, नाहीतर शहरातले आहोत. तेव्हापासून दर मंगळवारी नऊला, मी चर्चला जाताना आणि तू कॉफीला येताना, आपलं तेवढंच बोलणं. मी त्या बोटावरून तुझी खबर घ्यायची. पीक चांगलं आलं की बोट लवकर उठायचं. तुझी बायको, लेस्या, गेली त्या महिन्यात ते उशिरा उठायचं, गाडी जवळजवळ शेजारून गेल्यावर. तिच्या मयताला मी शेवटच्या बाकावर होते. तू पाहिलंस की नाही, मला माहीत नाही. आता नव्या वस्तीतली पोरं गाडी चालवताना बोटबीट उचलत नाहीत, सरळ पुढे बघतात. मी तरी उचलते. रोडेलने एकदा भीतभीत विचारलं होतं की माझं काही चुकलं का, तुम्ही मला बोट का दाखवता.

आता दिव्याची गोष्ट. भरधाव जाताना एक बोट पुरतं, पण लाल दिव्याला समोरासमोर उभं राहायची वेळ आली तर काय करायचं, हे आपल्याला कुणी शिकवलेलं नाही. फेब्रुवारीतला तो मंगळवार आठव, उणे चौतीस होतं. मेडोलार्कहून मॅरिविकला घेऊन मी चौकात आले तर लाल, आणि चौकापलीकडे तुझा पिकअप, त्यालाही लाल. सत्तर सेकंद लागतात, मी नंतर मोजले. मी लगेच बोट उचललं आणि वर धरूनच बसले, खुळ्यासारखी. मॅरिविक म्हणाली, "तिता, ते कोण?" मी म्हटलं, माझा भाऊ. आयुष्यात पहिल्यांदाच तिने पुढे काही विचारलं नाही. मग हिरवा झाला, तू गेलास, मी गेले.

आणि मला दिसलंच नाही, नेस्टर. तू काय केलंस ते मला दिसलं नाही. गेल्या हिवाळ्यापासून माझ्या नजरेच्या मधोमध राखाडी डाग आहे. ज्याच्याकडे बघावं तेच पुसलं जातं आणि कडेचं तेवढं राहतं. तुझा पिकअप मी रंगावरून आणि मागच्या फळीच्या खडखडाटावरून ओळखत होते. काचेआड तुझ्या जागी राखाडी ढग होता. कितीतरी मंगळवार मी ढगाला बोट उचलत आले आणि तू उत्तर देतोस हे धरून चालले. मॅरिविकला विचारावं तर मग कबूल करावं लागलं असतं की तिच्या जिवासकट मी अशी गाडी हाकते आहे. ते पाप मी मे महिन्यापर्यंत केलं. मग मेडोलार्कवरची टपालपेट्यांची अख्खी रांग आडवी केली आणि घरी न जाता तशीच डॉक्टर ओकाफोरकडे गेले. त्यांनी डोळ्यांत थेंब घातले, बराच वेळ पाहिलं आणि लायसन्स काढून घेतलं. फार सभ्य माणूस आहे, आधी माफी मागितली.

त्या संध्याकाळी मॅरिविकला सगळं सांगितलं. ती चिडली, आणि चिडायलाच हवं होतं. दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मी तिला विचारलं की त्या मंगळवारी माझ्या भावाने बोट उचललं होतं का. ती विचार करून म्हणाली, "बोटाकडे नाही लक्ष गेलं, तिता. पण त्यांनी टोपी काढली होती. हिरवा होईपर्यंत हातात धरून बसले होते."

तीच विचारायची गोष्ट. ती बियाणे कंपनीची टोपी तू जेवताना काढत नाहीस, झोपताना काढतोस की नाही ते लेस्यालाच ठाऊक. मी तुला ती दोनच ठिकाणी काढताना पाहिलं आहे, चर्चमध्ये आणि मयताला. यातलं माझ्यासाठी कोणतं होतं? मी तीन आठवडे हाच विचार करते आहे. हा हिशेब मिटलेला आहे, बाई गेली, असं म्हणून काढलीस, की दुसरं काही? दुसरं काय ते मला लिहिता येत नाही, कारण तसं नसलं तर फार वाईट वाटेल.

त्या दिवशी स्वयंपाकघरात मी म्हणाले होते, "तू कुणासाठी राखतोस रे ती माती? पोर ना बाळ." लेस्या पायरीवर उभी होती आणि तिने ऐकलं. मी तिचा चेहरा पाहिला, तेव्हा डोळे चांगले होते. जमीन विकल्याचं मला वाईट वाटत नाही, तिथे दोनशे घरांत पोरं खेळतात आणि मॅरिविक राहते. पण ते वाक्य मी रोज परत घेते. तिच्यापाशी मला घेता आलं नाही, तुझ्यापाशी आज घेते आहे. मला क्षमा कर.

आणि घाईने लिहिण्याचं कारण असं की तीन आठवडे दारात उभी असलेली माझी निळी गाडी उद्यापासून रोडेलची. त्याला मी बोट उचलायला शिकवलं आहे, मन लावून उचलतो, जरा जास्तच. तेव्हा या मंगळवारी निळी गाडी समोर आली आणि आतून बोट उठलं तर ते माझं नसेल, हे तुला आधी कळायला हवं होतं. मागच्या वेळी कर्तव्य राहिलं होतं. मी नऊला पायी निघेन. त्या चौकात खांबावर एक बटण आहे, ते मी दाबलं की तुझ्या बाजूला लाल लागतो. तेवढ्यात काच खाली कर. बोट उचलू नकोस, टोपी काढू नकोस, मला त्यातलं काहीच दिसायचं नाही. तुला तोंडानेच बोलावं लागेल, नेस्टर. शिवी दिलीस तरी चालेल, आवाज मी ओळखेन.

तुझीच थोरली,
टेकला