कठडा सोडला

कोलकाता, २२ मार्च

ती. सौ. आईस,
साष्टांग नमस्कार. आधी बातमी ऐक, मग रागव. सेहेचाळिसाव्या वर्षी मी पोहायला शिकते आहे.

गुडघ्यासाठी डॉक्टरांनी सुचवलं. बाकी काय म्हणाले ते भेटीत सांगेन, काळजीचं नाही. बागबाजारजवळच्या एका तलावात सकाळी क्लास असतो. सोबतीला सगळी चिल्लीपिल्ली. ती धडाधड उड्या मारतात आणि मी कठडा धरून उभी! शिकवणारे सुबीरदा म्हणतात, "दीदी, मासे खात नाही म्हणून बुडता." शेवटी एक तुकडा खाल्ला. बाबांना सांगू नकोस.

काल कठडा सोडला. नाकातोंडात पाणी गेलं, पण तरंगले गं!

याचा फायदा शाळेत झाला. गणित शिकवताना "अगं, सोपं तर आहे" म्हणायची माझी खोड गेली. सुबीरदा मला तेच म्हणतात ना, तेव्हा अंगाचा तिळपापड होतो. आता फळ्यापाशी घाबरलेल्या मुलीजवळ मी नुसती थांबते. मुख्याध्यापिकेच्या जागेसाठीही अर्ज केला आहे. बघू.

यांची इकडे बदली अजून अडकलेलीच. एकटीपुरता स्वयंपाक करायचा कंटाळा येतो, पण करते. तुझी शुगर कशी आहे?

लग्नाआधी तू नदी पार करायचीस, असं मामा सांगायचा. सासरी आल्यावर तू कधी पाण्यात उतरली नाहीस. मे महिन्यात येते आहे. तुझ्या मापाचाही पोहायचा पोशाख घेतलाय. नाही म्हणू नकोस. तू पुढे हो, मी तुझ्या मागून येते.

तुझी,
यामिनी