बिडु आणि भिड

मल्लेश्वरम, बेंगळुरू
१८ ऑगस्ट २०२५

चि. कल्पनास,
चंदूदादाचे आशीर्वाद. तुझं मेतकूट पोचलं. ईरा व्यवस्थित जेवते, पण डावीकडून. उजवीकडचा एक दात काल मैदानावर राहिला. फोनवर तू रडायला लागतेस आणि मग मी खोटं बोलतो, म्हणून पत्र.

आमच्या रग्बी क्लबात आता खेळाडूंपेक्षा पदाधिकारी जास्त आहेत. लहान मुलींचा गट काढा म्हणून मी दरवर्षी सभेत उठतो आणि दरवर्षी नेमका तेव्हाच चहा येतो. मग संघ पुरा पडला नाही की कॉलेजातली एखादी दणकट मुलगी गाठायची, महिन्याभरात धडक मारायला शिकवायची आणि उतरवायची. तुझी लेक ईरा मी अशीच उतरवली.

काल समोर आनेकलचा संघ होता. त्यांची यल्लव्वा कपड्यांच्या कारखान्यात शिलाई करते. पहिल्याच झटापटीत तिचं कोपर ईराच्या तोंडावर बसलं. ईरा रक्त थुंकली आणि हसली. ते हसू मला आवडलं नाही.

पुढच्या वेळी यल्लव्वा चेंडू घेऊन आली, तशी ईराने तिला कमरेत धरून आडवी केली. पाडलं की लगेच सोडायचं, हा नियम. शिट्टी झाली. आमचा कोच मंजुनाथ ओरडला, "बिडु, बिडु!" कानडीत म्हणजे सोड. ईराने तिचा हात मागे पिरगाळला आणि पाठीवर गुडघा रोवला. खांदा निखळल्याचा आवाज मला बाकावर ऐकू आला. मग दोन्ही संघांतल्या मुली एकमेकींवर तुटून पडल्या. केस, नखं, बूट, जे हाताला लागेल ते. सोडवायला गेलेल्या मंजुनाथच्या कपाळाला टाके पडलेत.

संध्याकाळी क्लबात चौकशी बसली. मी उठलो. "सर, पोरगी कराडची. बिडु म्हटलं ते तिला भिड ऐकू आलं. आमच्यात भिड म्हणजे तुटून पड."

अध्यक्ष पोट धरून हसले. "अय्यो, भाषेचा घोटाळा. सरी, बिट्टुबिडी." म्हणजे बरं, सोडून द्या. सोडलं. मी माझ्याच हुशारीवर खूश.

येताना रिक्षात ईरा म्हणाली, "मामा, दोन वर्षं गल्लीतल्या फुलवाल्याशी मी रोज कानडीत भांडते. मला कळलं होतं."

"मग सोडलं का नाहीस?"

"धरायचं शिकवलंत. सोडायचं कधी शिकवलंत?" मग म्हणाली, "आणि मला सोडायचं नव्हतं."

ती उद्या चौकशी समितीला हेच सांगणार आहे. वर्षाची बंदी येईल. मी तिला अडवलं नाही असं लिहिणार होतो. अडवलं, तिने ऐकलं नाही. तिच्याबरोबर मीही जाणार, कारण थाप माझी होती. यल्लव्वाचा हात पुन्हा मशीनवर कधी चालेल, डॉक्टर सांगत नाहीत. आनेकलला तिच्या घरी जायचं ईराने ठरवलंय. तिथे दार उघडतील का, ठाऊक नाही.

तू येऊन तिला घेऊन जाशील. ने. फक्त शनिवार होऊ दे. गल्लीतल्या आठ-नऊ वर्षांच्या पोरी मी मैदानावर बोलावल्यात, अध्यक्षांना न विचारता. त्यांना पहिला धडा ईरा देणार आहे: पाडलेलीला सोडायचं कसं. मी त्यांच्या मागच्या रांगेत उभा राहीन. त्यानंतर ने, मी धरून ठेवणार नाही.

अर्धाच खेळ शिकवलेला,
तुझा चंदूदादा