टाचेचे वाढवलेले ठोके

अहो,

दुखऱ्या टाचेवर मशीनचे ठोके, ते शॉकवेव्ह, घ्यायला आज एकटीच जातेय, तुमची वाट बघून कंटाळले. आधीच्या दोन्ही खेपांना ‘दोन दिवस पायावर उभं राहू नका’ असं डॉक्टरीणबाईंनी तुमच्यासमोर बजावलं होतं, आणि दोन्ही खेपांना त्याच संध्याकाळी तुम्ही मित्र जेवायला आणलेत.

दुसऱ्या वेळी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, ‘फरक कसा नाही?’ तुमची लाज राखायला मी म्हटलं, ‘यांनी मला जागचं हलू दिलं नाही.’ म्हणून त्यांनी मशीनचा जोर वाढवला. रुमाल दातांत धरून ठोके सोसले मी.

आज खरं सांगणार आहे. तिथून परस्पर ताईकडे जाईन. स्वयंपाक केलेला नाही. मित्र आलेच तर ओट्याशी तुम्ही उभे राहा. तुमच्या टाचा धडधाकट आहेत.